बायका गादीवर बसल्या तेव्हा

माझे सासरे सिंगापूरला क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात जेवताना म्हणाले, "गादीवर बायका बसायला लागल्या की समजायचं, घराणं बुडालं."

विषय ओरिसातल्या भौमकर राजांचा होता. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं हे घराणं मुळात बौद्ध, आणि त्याच्या अखेरीला एकामागोमाग चार राण्यांनी राज्य केलं. सासरे हे माझ्या सात वर्षांच्या मुलीला सांगत होते. ती भातातले वाटाणे वेचून ताटाच्या कडेला लावत होती, तिचं लक्षही नव्हतं. ते वाक्य तिच्यासाठी नव्हतंच. वाक्य संपवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.

मी आमटी वाढली.  तेव्हा मला वाटत होतं, हे चार महिन्यांचे पाहुणे आहेत.

ते नागपूरचे. आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवला. सासूबाई गेल्यावर एकटे पडले, म्हणून नवऱ्याने त्यांना सिंगापूरला बोलावून घेतलं आणि स्वतः टँकरवर निघून गेला. तो मरीन इंजिनियर. एकदा जहाजावर चढला की आठ-आठ महिने दिसायचा नाही. ईमेल यायचे, कधीतरी बंदरातून फोन. तो दोन हजारच्या दशकाचा मधला काळ होता. त्यामुळे माझ्या घरात मी, माझी मुलगी आणि ज्यांना मी सून म्हणून कधीच नको होते ते सासरे, अशी तीनच माणसं उरली.

मी चेंबूरची. पीएच.डी. करायला इथे आले, मग वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीत एका प्रयोगशाळेत लागले. सासऱ्यांनी मुलासाठी नागपुरातली एक शिक्षिका बघून ठेवली होती. आम्हीही बौद्ध, तेही बौद्ध, तेव्हा जातीची अडचण नव्हती. अडचण माझीच होती. लग्नाच्या वेळी ते माझ्या वडिलांना म्हणाले होते, "मुलगी फार शिकलेली आहे," आणि ते अशा सुरात म्हणाले होते की माझ्या वडिलांनी दिलगिरी व्यक्त केली.

सिंगापुरात कुणी पाहुणा आला आणि मी काय करते म्हणून विचारलं, की ते सांगायचे, "सूनबाई सकाळी बाहेर जाते." एवढंच. मी कुठे जाते, तिथे काय करते, हे त्यांनी मला सगळ्या मुक्कामात एकदाही विचारलं नाही.

भांडणं लहान लहान गोष्टींवरून सुरू झाली. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू खोचून त्यावर कपडे वाळत घालतात, सगळी इमारत तसंच करते. माझे कपडे असे चारचौघांसमोर टांगलेले त्यांना चालत नसत. मी घातलेला बांबू ते मी गेल्यावर आत ओढून घेत आणि ओले कपडे न्हाणीघरात टाकत. संध्याकाळी मी ते पुन्हा बाहेर घाली. असं कितीतरी दिवस चाललं. दोघांपैकी एकानेही त्याबद्दल शब्द काढला नाही.

दुसरं दाराचं. फ्लॅटला बाहेरून लोखंडी जाळीचं दार असतं. मी कामावरून येण्याच्या सुमाराला ते त्याला आतून कडी घालत. माझ्याकडे किल्ली होती, पण उपयोग नसे. घंटा वाजवावी लागे. मग ते सावकाश उठत, चष्मा लावत, जाळीतून बघत आणि कडी काढत.

"बाबा, कडी कशाला? मी किल्लीने येईन," मी एकदा म्हटलं.

"घरात वडीलधारं माणूस असताना बाईने किल्लीने दार उघडून आत शिरणं बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत नाही? शेजारी चिनी म्हातारी राहते. तिला आपलं नावही माहीत नाही."

"मला," ते म्हणाले.

मीही काही गरीब गाय नव्हते. त्यांना ज्वारीची भाकरी लागे आणि ज्वारीचं पीठ फक्त लिटल इंडियात मिळे. मी तिकडे जाणं बंद केलं. पीठ संपलं हे त्यांनी पाहिलं, डबा उघडा करून ओट्यावर ठेवला. मी झाकण लावून तो परत फळीवर ठेवला. ते पोळी खाऊ लागले. मला त्यात समाधान वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्यांना येत होती, आणि ती मला येत नव्हती. ते मुलीला गोष्टी सांगायचे. जेवण झालं की ती उशी घेऊन त्यांच्या शेजारी बसायची आणि ते वाकाटकांपासून सुरुवात करायचे. चालुक्य, पल्लव, राष्ट्रकूट, बंगालचे पाल. कुणाची राजधानी कुठे, कुणी कुणाला कुठल्या नदीवर अडवलं, कुठल्या राजाने भिक्षूंना गाव दिलं. शाळेत शिकवतात तसं नाही. ते बोलायला लागले की राजे नुकतेच जिना उतरून गेल्यासारखे वाटायचे. मुलगी मराठीत ऐकायची आणि इंग्रजीत विचारायची. त्यांना इंग्रजी बोललेलं आवडत नसे, पण तिला ते उत्तर द्यायचे. मी भांडी घासत ऐकायचे. भांडी घासायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावायचे, हेही खरं.

त्या संध्याकाळी ते कनौजच्या राणीची गोष्ट सांगत होते. ठाणेश्वरच्या राजघराण्यातली मुलगी, कनौजच्या राजाला दिलेली. माळव्याच्या राजाने तिच्या नवऱ्याला मारलं, तिला बेड्या घालून कैदेत टाकलं. तिला सोडवायला निघालेला थोरला भाऊ दग्याने मारला गेला. ती कशीबशी सुटली आणि विंध्याच्या जंगलात शिरली. धाकटा भाऊ तिला शोधत शोधत एका बौद्ध भिक्षूच्या आश्रमात पोहोचला. तिथे कळलं की जंगलात एक बाई सरण रचून त्यात उडी घ्यायला निघाली आहे. तो धावला आणि अगदी वेळेवर पोहोचला.

"व्हाय शी वॉन्ट टू बर्न?" मुलीने विचारलं.

"नवरा मेला होता बाळ. सगळं गेलं होतं. तेव्हा तशी रीत होती. पण भिक्षूने तिला समजावलं, की दुःख झालं म्हणून जीव द्यायचा नसतो. मग ती भावाबरोबर परत आली. पुढे तिचा भाऊ कनौजचा मोठा सम्राट झाला. चीनहून प्रवासी आला, तोही त्याच्या दरबारात बसला."

"अँड द सिस्टर?"

"ती होती ना. भावाजवळ."

मी हात पुसत बाहेर आले. "बाबा, कनौज कुणाचं होतं?"

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"भाऊ ठाणेश्वरचा. कनौज तिच्या सासरचं. नवरा मेला, मूल नव्हतं. मग कनौजच्या गादीवर हक्क कुणाचा? तिचा. तो सम्राट झाला तो बहिणीच्या राज्यावर."

"तिला राज्य नको होतं. तिला संन्यास घ्यायचा होता."

"असं भावाच्या पदरी असलेल्या कवीने लिहिलंय."

 मग ते मुलीकडे बघत पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या आईला वाटतं, सगळे पुरुष चोर असतात."

"डोन्ट फाइट लाह," मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, आणि उशी घेऊन आत गेली.

त्यानंतर मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायला लागले. माझ्या विषयाचा आणि याचा काही संबंध नव्हता. मी पेशी वाढवणारी बाई. पण जुनं कार्ड चालू होतं आणि बस घराखालून जायची. भौमकरांवर वाचलं. आपल्याकडच्या चालुक्य राणीबद्दल वाचलं. तिने स्वतःच्या नावाने दिलेल्या जमिनींचे ताम्रपट सिंधुदुर्गात सापडले आहेत. त्यात मोजलेलं राज्यवर्ष तिचं स्वतःचं की दिराचं, यावर विद्वान अजून वाद घालतात. हे सगळं मी ज्ञानाच्या ओढीने वाचलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी दारूगोळा जमवत होते.

इथे बौद्ध मराठी कुटुंबांचा एक गट होता, अजूनही आहे. इंजिनियर, संशोधक, जहाजावरचे लोक. महिन्यातून एका रविवारी जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोच्या, म्हणजे खाजगी सोसायटीच्या, खालच्या हॉलमध्ये जमायचो. वंदना, मग कुणाचं तरी भाषण, मग जेवण. सासऱ्यांना तिथे लगेच मान मिळाला. सगळे त्यांना सर म्हणत. वैशाखी पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी बौद्ध राजांवर बोला, अशी त्यांना विनंती झाली. ते आठवडाभर तयारी करत होते. त्यांना पडद्यावर चित्रं आणि वंशावळी दाखवायच्या होत्या, आणि कॉम्प्युटर त्यांना येत नव्हता.

तेव्हा ते माझ्याकडे आले. मुलीच्या मार्फत नाही, स्वतः. "एवढं करून देशील का?" म्हणाले.

मी दिलं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. पालांची वंशावळ झाली, भौमकरांची सुरू झाली. राजे संपले तिथे ते म्हणाले, "बस, इथे थांब."

"यानंतर राण्या आहेत. आणि मध्येही एक आहे."

"माझं व्याख्यान राजांवर आहे."

"त्यांनी राज्य केलं. मग त्या राजेच."

"वेळ पुरणार नाही," ते म्हणाले आणि उठले.

मी राण्यांची वेगळी स्लाईड केली आणि वंशावळीच्या पाठोपाठ ठेवली. ती आहे हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ठेव, मी सोडून देईन."

रविवारी हॉल भरला होता. बायका डबे मागच्या टेबलावर मांडून येऊन बसल्या. मी पहिल्या रांगेच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसले. सासरे फार सुंदर बोलले. माझं त्यांच्याशी पटत नव्हतं म्हणून मी हे नाकारणार नाही. पालांच्या काळातली विद्यापीठं, तिथे कुठून कुठून येणारे विद्यार्थी, हे त्यांनी असं उभं केलं की हॉलमधले पीएच.डी. झालेले लोकसुद्धा पुढे सरकून ऐकत होते. मग भौमकर आले. वंशावळ झाली. मी बटण दाबलं आणि पडद्यावर राण्यांची स्लाईड आली.

"ही सोड. पुढे घे," ते म्हणाले.

मी पुढे घेतली नाही.

"पुढे घे," ते पुन्हा म्हणाले, थोड्या मोठ्याने.

माझा हात मांडीवर होता. मी तो तिथेच ठेवला. हॉलमध्ये लोकांना वाटलं मशीन अडकलं. एक जण उठून माझ्याकडे यायला लागला. सासऱ्यांनी त्याला हातानेच बसवलं. त्यांना कळलं होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आलीच आहे तर सांगतो. या घराण्यात शेवटी ओळीने चार बायका गादीवर बसल्या. आणि घराणं संपलं. घरातला कर्ता पुरुष नसला की काय होतं, हे इतिहासात वाचावं लागत नाही. माझा मुलगा समुद्रावर असतो. मी रोज बघतोच आहे."

लोक हसले. सगळे नाहीत, पण हसले. बायकाही हसल्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने हसताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जणू मीही त्यात सामील आहे.

मी बसल्या जागेवरून बोलले.  म्हटलं, "सर, अर्धंच सांगितलंत. या घराण्यातली आधीची राणी, जी मधल्या काळात बसली, तिचा नवरा गेला होता, मुलगा गेला होता. सामंतांनी तिला विनवलं म्हणून ती बसली. नातू जाणता झाल्यावर तिने गादी त्याला दिली. आणि त्यानंतर हे घराणं कित्येक पिढ्या चाललं. ती बसली नसती तर तिथेच संपलं असतं. शेवटच्या चौघींचंही तेच. पुरुष एकामागोमाग मेले म्हणून त्या आल्या. घर बुडत होतं तेव्हा त्या आल्या, त्या आल्या म्हणून ते बुडालं असं नाही."

 मी तिथेच थांबायला हवं होतं असं नंतर मला पुष्कळांनी सांगितलं. मी थांबले नाही.

"आणि माझ्या घराचं म्हणाल तर ते माझ्या नावावर भाड्याने घेतलेलं आहे. ज्यांना तिथलं राज्य चालत नाही, त्यांच्यासाठी दार उघडं आहे. कडी तेच घालतात, तेच काढू शकतात."

सासऱ्यांनी हातातले कागद जुळवले. चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, "पुढची स्लाईड."

आता मी बटण दाबलं. त्यांनी उरलेलं व्याख्यान पूर्ण केलं. आवाज कुठेही चढला नाही. टाळ्या वाजल्या, जरा जास्तच वाजल्या. जेवताना माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. बसमध्ये ते पुढे बसले, मी मागे, मुलगी मधल्या सीटवर. ती एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

त्यानंतर आमच्यात बोलणं राहिलं नाही. जे होतं ते मुलीमार्फत. "मम्मी, आजोबा सेज टॅप इज लीकिंग." "आजोबा, मम्मी सेज शी नोज ऑलरेडी." गटातल्या बायकांनी मला फोन करणं सोडलं. एकीने केला, तो हे सांगायला की सर वयाने मोठे आहेत, आणि आपल्या लोकांत आधीच किती कमी लोक बोलू शकतात. मी तिला विचारलं, ते माझ्याबद्दल बोलले तेव्हा तू हसलीस का? ती म्हणाली, तसं काही नव्हतं. मी फोन ठेवला.

मध्ये एक गोष्ट घडली ती सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्यांच्यावर अन्याय करीन. एका संध्याकाळी मुलगी माझ्याकडे आली आणि शाळेतली कविता म्हणावी तसं म्हणाली, "आजोबा म्हणतात, पहिल्या राणीबद्दल तुझी आई बरोबर आहे. घराणं तिच्यानंतर चाललं. मी तसं बोलायला नको होतं." हे ती मराठीत म्हणाली, कारण त्यांनी तिच्याकडून तसं पाठ करून घेतलं होतं.  मग ती म्हणाली, "वेट, देअर इज मोअर. शेवटच्या चौघींबद्दल मी बरोबर आहे."

मी त्यांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाठ करून बसले होते. इतिहासाची चूक त्यांना खुपत होती. माझं हसं केलं त्याबद्दल त्यांना काही वाटत नव्हतं, आणि वाटलं असलं तरी त्याचा निरोप आला नाही.

"आजोबांना सांग, ऐकलं," मी म्हटलं.

खरा प्रसंग त्यानंतर झाला. शाळेची नोव्हेंबरात लागणारी वार्षिक सुट्टी जवळ आली होती. मी मुलीच्या नव्या वर्षाच्या पुस्तकांबद्दल तिच्याशी बोलत होते, तर सासरे बाहेर आले आणि कित्येक महिन्यांनी थेट माझ्याशी बोलले.

"पुस्तकं घेऊ नकोस. ती माझ्याबरोबर येते आहे."

"कुठे?"

"नागपूरला. माझ्या जुन्या शाळेत बोलून ठेवलं आहे. इथे राहिली तर तिला धड मराठी येणार नाही आणि धड माणसंही कळणार नाहीत. तिच्या बापाला विचारून ठरवलंय."

मी मुलीला आत पाठवलं. मग विचारलं, "मला कधी सांगणार होतात?"

"आत्ता सांगितलं."

मी त्यांच्याशी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा पासपोर्ट पर्समध्ये घातला, प्रयोगशाळेत नेला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. मग नवऱ्याला ईमेल केला, एका ओळीचा. तुझ्या वडिलांनी सांगितलेलं खरं आहे का? उत्तर यायला दोन दिवस लागले. बाबांनी विचारलं होतं, मी बघू म्हणालो, असं त्यात होतं. आल्यावर बोलू, तोवर घरात शांतता ठेव, असंही होतं.

नवरा त्याच महिन्याच्या शेवटी सिंगापूरलाच उतरला. घरी आला, आंघोळ केली, मुलीला मांडीवर घेतलं. ती शाळेत गेल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसलो. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच आम्ही तिघं असे समोरासमोर बसलो होतो.

सासऱ्यांनी सुरुवात केली. "धनी नसताना जो घर सांभाळतो, त्याने धनी आल्यावर ते त्याच्या हाती द्यायचं असतं. तिनेच भर सभेत सांगितलं, राणीने नातवाला गादी दिली म्हणून. आता धनी आलेला आहे. त्याने सांगावं."

"मी कुणाच्या वतीने बसलेली नाही," मी म्हटलं. "मी तिची आई आहे. तो नव्हता तेव्हाही होते, तो आहे तेव्हाही आहे."

"बघ," सासरे मुलाला म्हणाले, "हे असं रोज."

"मला तुमच्या राजा-राण्यांत ओढू नका," नवरा म्हणाला. तो दमलेला होता, आणि मला त्याची दया आली नाही. "अगं, एक-दोन वर्षांचा प्रश्न आहे. बाबांना सोबत होईल. तिचं मराठी सुधारेल. मीही घरी नसतो."

"तू घरी नसतोस म्हणून ती मी असलेल्या घरातून जाणार?"

"तसं नाही."

"मग कसं?"

 सासरे म्हणाले, "पासपोर्ट कुठे आहे?" त्यांनी शोधला होता तर. कपाटातली माझ्या साड्यांची घडी विस्कटलेली मला दिसली होती, पण तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

"माझ्या ऑफिसात, कुलपात. तो मी देणार नाही. कुणालाच."

नवरा माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मी त्याला मारलं. "माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"नाही," मी म्हटलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि हा शब्द मी त्याच्या तोंडावर पहिल्यांदा बोलले. तो उठून खाली गेला आणि दुपारपर्यंत आला नाही. सासरे आणि मी समोरासमोर बसून राहिलो. शेवटी ते म्हणाले, "तू त्याला माझ्यापासून तोडलंस."

"तुम्ही तिला माझ्यापासून तोडायला निघाला होतात."

"मी तिला शिकवणार होतो."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. तेही खरं होतं. त्यांनी तिला उत्तम शिकवलं असतं. तिला सगळे राजे आले असते, आणि तिची आई सकाळी बाहेर जाणारी बाई आहे हेही ती शिकली असती.

महिन्याभरात ते नागपूरला परत गेले, एकटे. नवरा त्यांना पोहोचवायला गेला. मुलगीही विमानतळावर गेली. मी गेले नाही. जाळीच्या दारातून बॅग बाहेर काढताना ते थांबले आणि म्हणाले, "सांभाळ." कुणाला, ते सांगितलं नाही. मी मान हलवली. पुढे नवऱ्याने जहाज सोडलं आणि जुरोंगला शिपयार्डात नोकरी धरली. आमचं लग्न टिकलं. पण त्या दिवशी टेबलाशी मी उच्चारलेला 'नाही' आमच्यात राहिलाच. तो अजून कधी कधी विचारतो, तेव्हा खरंच विश्वास नव्हता का? मी खोटं सांगत नाही.

सासऱ्यांनी दर रविवारी नातीला फोन करायला सुरुवात केली. तासभर बोलायचे. मराठी बाराखडीची पुस्तकं पाठवली, चुका फोनवर दुरुस्त केल्या. आज ती देवनागरी अडखळत का होईना वाचते, ते त्यांच्यामुळे. माझ्यामुळे नाही. एवढं श्रेय त्यांचं, आणि ते मी कुणासमोरही देईन.

त्यांची-माझी गाठ त्यानंतर एकदाच पडली, नागपूरला, नवऱ्याच्या चुलतबहिणीच्या लग्नात. ते खूप वाळले होते. मांडवात त्यांच्याभोवती जुने विद्यार्थी बसले होते आणि ते त्यांना काहीतरी सांगत होते. मी जवळून गेले तेव्हा ते थांबले. मी जय भीम म्हटलं. त्यांनीही म्हटलं. विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारलं, "सर, या कोण?"

"माझी सून," ते म्हणाले. "सिंगापूरला असते. प्रयोगशाळेत आहे." आणि मग माझ्याकडे न बघता त्यांनी आपलं अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू केलं. मी थोडा वेळ उभी राहिले. मला बसायला कुणी खुर्ची दिली नाही, आणि मी मागितली नाही. मग मी जेवणाच्या पंगतीकडे गेले.